हार्नेसचं फ्लॅट ड्रॉइंग: क्लिपा, ग्रोमेट, सील चित्रात दाखवायचे की तक्त्यात ढकलायचे?

गोकुळशिरगावकर

रामराम मंडळी.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका लहान हार्नेस युनिटमध्ये ड्रॉइंगचं काम बघतो. (हार्नेस म्हणजे यंत्रातल्या वायरींचा, कनेक्टरसकट बांधलेला जुडगा.) शेतीची यंत्रं बनवणारी एक कंपनी आमची गिऱ्हाईक आहे. ते थ्रीडी देतात, कॅटिया व्ही-फाइव्ह या कॅड सॉफ्टवेअरमध्ये. मी ते फ्लॅट करून, म्हणजे सपाट पसरून, ज्या बोर्डावर हार्नेस बांधतात त्याचं ड्रॉइंग काढतो.

परवा ड्रॉइंग पाठवलं. बंच (एकत्र बांधलेल्या वायरी) बरोबर, फांद्या बरोबर, लांब्या टेप लावून तपासल्या तरी जुळतील. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तीन शब्दांचं: ॲक्सेसरीज नाहीत, परत.

मोजून बघितलं. बीओएममध्ये (पार्टांच्या यादीत) ४१ ओळी, ड्रॉइंगवर बलून (यादीतला नंबर दाखवणारे गोल) २६. गायब १५: क्लिपांचे ४ प्रकार, ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारं रबर) २, वायरचे सील (पाणी अडवणारे) ३, ब्लँक प्लग (कनेक्टरचं रिकामं भोक बुजवणारे) २, कनेक्टरच्या मागचं कव्हर १, लॉक २ आणि एक सुट्टी पिशवी.

मालक म्हणतात, तक्ता लाव आणि पाठवून दे. मागच्या रिव्हिजनला मी शहाणपणा करून सगळ्या क्लिपा हातानं स्केच करून बसवल्या होत्या. नंतर डिझाइनमध्ये एक फांदी १२० मिमी लांब झाली. फांदी सरकली, क्लिपा जिथल्या तिथं. त्यातली एक तर चक्क हवेत, कुठल्याच वायरवर नाही. गिऱ्हाइकानं तिच्याभोवती लाल गोल काढून पाठवला. ते पान मालकांनी माझ्या टेबलासमोर चिकटवलंय.

तर प्रश्न दोन. यातलं नेमकं काय चित्रात दाखवायचं? आणि फ्लॅट करताना ते आपोआप यावं म्हणून काय करायचं?

पंचगंगाकाठ

पहिला! आता वाचतो.

पंचगंगाकाठ

वाचलं. काही कळलं नाही. हवेतली क्लिप आवडली.

लेथवाले_काका

गोकुळशिरगावकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्यावर इथं भांडणं होणार आहेत.

थ्रीडीमध्ये क्लिप कशी बसवलीय ते बघा. माझी पैज, कुणीतरी ती साधा पार्ट म्हणून आणलीय, चासीच्या भोकाला कंस्ट्रेंट (जागा बांधणारी अट) लावलाय आणि वायरचा बंच तिच्यातनं जातोय असं नुसतं दिसतंय. तुम्हाला दिसतंय, सॉफ्टवेअरला नाही. त्याच्या लेखी ती क्लिप म्हणजे शेजारी पडलेला प्लॅस्टिकचा तुकडा. फ्लॅट करताना ते फक्त हार्नेसची माणसं गाडीत घेतं, शेजाऱ्यांना घरीच ठेवतं.

क्लिप आधी इलेक्ट्रिकल पार्टच्या वर्कबेंचमध्ये सपोर्ट म्हणून डिफाइन करायची. मग बंचचा सेगमेंट (तुकडा) त्या सपोर्टमधनं न्यायचा. नुसता जवळनं नाही, लिंक लावून. ब्लँक प्लगला फिलर प्लग म्हणून, मागच्या कव्हरला बॅकशेल म्हणून, पाइप-स्लीव्हला प्रोटेक्टिव्ह कव्हरिंग म्हणून डिफाइन करायची सोय तिथंच आहे. एवढं केलं की ते पार्ट हार्नेसच्या नात्यात येतात. नंतर लांबी बदलली तर सिंक्रोनाइज मारायचं, क्लिप फांदीबरोबर सरकते.

गिऱ्हाइकाचं थ्रीडी असेल तर त्यांना तसं लेखी कळवा. ‘तुमच्या ९ क्लिपा डिफाइन नाहीत’ असं आकड्यात लिहायचं. ‘मॉडेल बरोबर नाही’ असं लिहिलं की लोक चिडतात.

गोकुळशिरगावकर

काका, आत्ता उघडून बघितलं. पैज जिंकलात. एकूण २२ क्लिपा, त्यातल्या ६ डिफाइन आहेत, १६ नुसत्या ठेवलेल्या. आणि त्या ६ सुद्धा कनेक्टरच्या कॅटलॉगमधनं आयत्या आलेल्या दिसतात.

औंधकर_पुणे

आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. लायब्ररी टीम वेगळी असते. डिफाइन न केलेला पार्ट कोणाला वापरताच येत नाही, सिस्टीम अडवते.

कट_जादा

व्हय की. तुमच्याकडं मिसळीला पण वेगळी टीम असते म्हणं, पोहे घालणारी.

औंधकर_पुणे

विषयाला धरून बोलू या का?

राजारामपुरी_७वी_गल्ली

इन्व्हेंटर (दुसरं कॅड सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण शिरोलीत बऱ्याच जणांकडं तेच आहे. तिथं सील, टर्मिनल, प्लग असल्या बारक्या गोष्टींसाठी व्हर्च्युअल पार्ट म्हणून प्रकार आहे. लायब्ररीत नोंदवायचा आणि पिनेला किंवा वायरला जोडायचा. बीओएममध्ये मोजून येतो. पण त्याला आकारच नसतो, त्यामुळं नेलबोर्डवर (तिथलं फ्लॅट ड्रॉइंग) दिसायचा प्रश्न नाही. नवीन पोरं हाच पार्ट ड्रॉइंगवर शोधत बसतात. अरे, त्याला अंग नाही तर दिसेल कुठनं? नेलबोर्डवर कनेक्टरचे व्ह्यू ठेवता येतात. बाकीच्यासाठी मी स्वतःचे सिम्बॉल करून ठेवलेत.

सॉलिडवर्क्सवाल्यांनी क्लिप राउटिंगच्या विझार्डमधनं करावी. अक्ष नीट द्यावेत आणि वायर क्लिपमधनं राउट करावी. नुसती मेट केली तर काका म्हणाले तेच, शेजारी. तिथं फ्लॅट केलेला राउट वेगळ्या कॉन्फिगरेशनमध्ये जातो आणि प्रकार दोन असतात, ॲनोटेशनचा आणि मॅन्युफॅक्चरिंगचा. फ्लॅट करायच्या आधी कुठला हवा ते ठरवा, मागनं बदलत बसायला वैताग येतो.

बोर्डावरची_ताई

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. कागलच्या बाजूला एका युनिटमध्ये असेंब्ली लाइनची सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली १४ बायका बोर्डावर काम करतात. तुम्ही जे ड्रॉइंग काढता त्याच्यावर आमचा दिवस जातो, म्हणून जरा ऐका.

बोर्डावरची बाई बलून वाचत नाही. तिच्या डोळ्यासमोर १:१ चा प्लॉट चिकटवलेला असतो, त्यावर फोर्क आणि खिळे ठोकलेले असतात. डावा हात वायर धरतो, उजव्यात टेप. तिला एवढंच कळायला हवं की इथं काहीतरी बसतंय. बलून ३३ म्हणजे काय हे बघायला तिनं कोपऱ्यातल्या तक्त्याकडं मान वळवली की बंच हातातनं सुटतो. म्हणून क्लिप चित्रातच पाहिजे, जागेवर, तिच्या खऱ्या मापात.

सीलचं उलट आहे. सील बोर्डावर बसतच नाही. टर्मिनल क्रिंप करताना (वायरच्या टोकाला धातूची पिन दाबून बसवताना), वायर कापायच्या मशीनशेजारी बसतो. बोर्डावर वायर येते तेव्हा सील तिच्यावर आधीच असतो. मग बोर्डाच्या ड्रॉइंगवर सील दाखवून कुणाला दाखवताय? तो कटिंगच्या कागदावर पाहिजे, वायरच्या ओळीत.

आणि ब्लँक प्लग विसरला की काय होतं ते सांगते. आमच्या एका लॉटमध्ये सहा पिनांच्या कनेक्टरला चारच वायरी होत्या, दोन भोकं रिकामी. तक्त्यात प्लग लिहिले होते, चित्रात भोकं नुसती गोल. बायांनी रिकामीच सोडली. टेस्टिंग बोर्डावर पास, कारण करंट जायचा तिथं जातच होता. माल गेला, पावसाळ्यात परत आला. आतल्या पिना हिरव्या. ३०० नग आम्ही हातानं उघडून बसलो होतो, रविवारी. तेव्हापासून आमच्या ड्रॉइंगवर कनेक्टरचं तोंड मोठं करून काढतात आणि रिकाम्या भोकात काळं भरतात. काळं दिसलं की प्लग. वाचावं लागत नाही.

लेथवाले_काका

ताई, हा प्रतिसाद छापून भिंतीला लावण्यासारखा आहे.

गोकुळशिरगावकर

भिंतीवर जागा आहे, फक्त लाल गोलाचं पान काढावं लागेल.

औंधकर_पुणे

ताईंचा मुद्दा मान्य. पण एक लक्षात घ्या, आयपीसी/डब्ल्यूएचएमए-ए-६२० या हार्नेसच्या स्टँडर्डप्रमाणे सगळ्या ॲक्सेसरीज ड्रॉइंगवर दाखवणं बंधनकारक आहे.

क्यूसी_वाला_बाबा

नाही हो. ए-६२० पहिल्यांदा २००२ मध्ये आलं तेव्हापासून ते तयार हार्नेस कसा दिसला की स्वीकारायचा आणि कसा दिसला की नाकारायचा याबद्दलच आहे. क्रिंप कसा, टाय किती घट्ट, सील फाटलाय का, क्लास १-२-३ ला काय चालतं. फ्लॅट ड्रॉइंगवर कुठली क्लिप चितारायची हे त्यात नसतं. ते तुमचं आणि गिऱ्हाइकाचं आपसातलं.

पण त्याचा फायदा असा करून घेता येतो: ज्या गोष्टीला इन्स्पेक्टर नापास करू शकतो ती ड्रॉइंगवर तपासता आली पाहिजे. क्लिपची जागा तपासायचीय? मग माप हवं. कुठनं कुठपर्यंत? फांदी फुटते त्या बिंदूपासून क्लिपच्या मध्यापर्यंत, टॉलरन्ससकट (किती कमीजास्त चालेल ते). चित्र आहे पण माप नाही, तर तो शोभेचा दागिना.

औंधकर_पुणे

बरं, तसं असेल. माझ्या कंपनीच्या आतल्या नियमाशी गल्लत झाली.

कट_जादा

पुण्याचा माणूस चूक मान्य करतोय, तारीख लिहून ठेवा.

सध्या_श्टुटगार्ट_मूळ_कसबा_बावडा

इकडे गाड्यांच्या हार्नेसचा डेटा केबीएल नावाच्या एक्सएमएल फॉरमॅटमध्ये फिरतो (जर्मन वाहन उद्योगाच्या व्हीडीए संघटनेची शिफारस ४९६४). त्यात या सगळ्या बारक्या गोष्टींना एकाच ‘ॲक्सेसरी’ पिशवीत कोंबत नाहीत. क्लिप-टाय-ग्रोमेट वेगळे, त्यांना फिक्सिंग म्हणतात. पिनेच्या भोकाचा सील वेगळा, भोकाचा प्लग वेगळा. टेप-पाइप म्हणजे वायर प्रोटेक्शन. ॲक्सेसरी म्हणजे कनेक्टरवर चढणारं कव्हर वगैरे. आणि शेवटी को-पॅक पार्ट, म्हणजे हार्नेसबरोबर जातो पण हार्नेसवर बसत नाही. गोकुळशिरगावकरांची ‘सुट्टी पिशवी’ ती हीच.

नावं वेगळी आहेत कारण प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे. फिक्सिंगचा पत्ता सेगमेंटवर, एका टोकापासून किती अंतरावर, ० ते १ मधल्या अपूर्णांकात. सीलचा पत्ता भोकाला. कव्हरचा कनेक्टरला. को-पॅकला पत्ताच नाही, तो पोत्यात. तुमच्या १५ ओळींपुढं ‘हा कुणाचा’ असा एक रकाना करा. निम्मा प्रश्न तिथंच सुटेल.

पंचगंगाकाठ

मला वायरिंगमधलं घरातल्या फ्यूजपलीकडं काही कळत नाही, पण हा धागा सोडवत नाहीये. चालू द्या.

चपलेचा_कान

एक मुद्दा कुणीच काढला नाही. क्लिप फ्लॅटवर आली, बरोबर जागेवर आली, सरकते पण. पण तिचं तोंड कुणीकडं?

थ्रीडीत बंच वळतो, पिळतो. एक क्लिप खाली चासीत घुसते, पुढची उजवीकडं पत्र्यात, तिसरी वर. फ्लॅट केलं की सगळं कागदावर आडवं पडतं आणि ही दिशा मरते. सॉफ्टवेअर क्लिप कुठंतरी वळवून ठेवतं, आणि बघणाऱ्याला वाटतं तीच दिशा. मग बाई सगळ्या क्लिपा एकाच बाजूला टेप करते, आणि गाडीवर बसवणारा माणूस बंच पिळून पिळून भोकात घालतो. पिळलेल्या बंचची लांबी कमी पडते, कनेक्टर ताणात राहतो.

घरचा धंदा चपलांचा, म्हणून हे पटकन दिसलं. चप्पल पण फ्लॅटच कापतात. तळ, पट्टा, कान, सगळं चामडं पाटावर सपाट असतं. पण कान कुठल्या अंगाला शिवायचा हे सपाट तुकड्यावर दिसत नाही, म्हणून वडील कापतानाच आरीनं बारीक खूण करायचे. खूण विसरली की दोन डाव्या चपला.

आम्ही यावर घड्याळ वापरतो. ठरवलेल्या एका कनेक्टरकडनं बंचकडं बघायचं, १२ म्हणजे वर. क्लिपशेजारी ‘३ वाजता’, ‘६ वाजता’ असं लिहायचं. आणि ‘वर’ म्हणजे काय ते ड्रॉइंगवर एकदाच, बाण काढून. तो बाण नसेल तर घड्याळाचा उपयोग नाही.

क्यूसी_वाला_बाबा

+१. ग्रोमेटला तर हे हवंच. ग्रोमेटची झालर इंजिनच्या बाजूला की केबिनच्या, हे उलटलं की पाणी आत. ग्रोमेट नेहमी बाजूनं काढा, समोरनं गोल काढू नका. समोरनं दोन्ही तोंडं सारखीच दिसतात.

बोर्डावरची_ताई

घड्याळाचं आम्ही करून बघितलं. चांगलं आहे. पण बायकांना शिकवताना पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, सकाळचे तीन की दुपारचे?

कट_जादा

😂😂 हा प्रश्न ए-६२० मध्ये घाला.

राजारामपुरी_७वी_गल्ली

टेपचं काय करता रे सगळे? टेप बीओएममध्ये मीटरमध्ये असते आणि आमच्याकडं दर महिन्याला स्टोअरवाल्याशी भांडण. तो म्हणतो १ मीटर बंचला १ मीटर टेप.

लेथवाले_काका

त्याला पेन्सिल आणि कागद द्या. १० मिमी जाडीचा बंच, घेर ३१.४ मिमी. १ मीटर लांबीचं क्षेत्र ३१,४०० चौ. मिमी. १९ मिमी रुंदीची टेप, निम्म्यावर निम्मी चढवून गुंडाळली म्हणजे सगळीकडं दोन थर, ६२,८०० चौ. मिमी. भागिले १९. सव्वातीन मीटरच्या वर टेप लागली, तीही वाया न जाता. आणि एक गोष्ट: टेप किती चढवायची ते ड्रॉइंगवर लिहिलं नसेल तर प्रत्येक बाई आपल्या मनानं चढवणार आणि स्टोअरचा हिशोब कधीच लागणार नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली

आता मला टेपचं समजलं, पण स्टोअरवाल्याला क्षेत्रफळ शिकवायला पाठवता का?

पंचगंगाकाठ

अवांतर: ताई, कागलच्या बाजूला म्हणजे हायवेवर जिथं सकाळी मिसळ मिळते तिथंच का?

कट_जादा

हायवेवरच्या मिसळीला मिसळ म्हणत असाल तर तुमचा पत्ता पंचगंगेकाठचा नाही. काठ बदला.

पंचगंगाकाठ

काठ बदलायची गरज नाही, २०१९ ला नदीच घरात आली होती.

संपादक_मंडळ

मिसळीसाठी वेगळा धागा आहे. पुराच्या आठवणींसाठीही आहे. कृपया.

सध्या_श्टुटगार्ट_मूळ_कसबा_बावडा

(संपादक, एकच वाक्य: इथं चार वर्षांत कट मिळालेला नाही.)

विषयावर: १:१ प्लॉटबद्दल कुणी सावध केलं नाही म्हणून लिहितो. प्लॉटरवर ‘कागदात बसव’ चुकून चालू राहिलं की प्लॉट थोडा आखूड येतो. १ टक्का म्हटलं तर डोळ्याला कळत नाही, पण २ मीटरच्या फांदीवर २० मिमी जातात. क्लिपा तेवढ्याच चुकतात, आणि दोष कॅडला. प्रत्येक शीटवर आडवी आणि उभी अशी १००० मिमीची एकेक रेष ठेवा आणि बोर्डाला चिकटवायच्या आधी स्टीलच्या पट्टीनं मोजा.

औंधकर_पुणे

आमच्याकडे ही रेष टेम्प्लेटमध्येच असते.

(वेगळी टीम करते. हसून घ्या.)

गोकुळशिरगावकर

दहा दिवसांनी येतोय, मधे ऑडिट होतं.

काय केलं ते सांगतो. आधी श्टुटगार्टकरांचा ‘हा कुणाचा’ रकाना केला. १५ ओळींतल्या क्लिपा आणि ग्रोमेट मिळून ६ ओळी बंचच्या, त्या चित्रात. प्लगच्या २ ओळी भोकाच्या, त्या कनेक्टरच्या मोठ्या तोंडात, ताईंच्या पद्धतीनं काळं भरून. लॉक २ आणि कव्हर १ कनेक्टरच्या, त्यांना कनेक्टरच्याच बलूनला शेपटी लावून दाखवलं. सीलच्या ३ ओळी कटिंगच्या तक्त्यात, बोर्डाच्या शीटवर फक्त एक टीप. पिशवीला ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकोन, आत काय काय ते लिहून.

१६ क्लिपा गिऱ्हाइकाला काकांच्या भाषेत आकड्यासकट कळवल्या. त्यांनी ११ डिफाइन करून दिल्या, ५ म्हणे ‘तुम्हीच करा’. केल्या. त्या पाचांसाठी दोन दिवस गेले, कारण एक क्लिप बंचपासून ४ मिमी लांब होती. थ्रीडीतच. म्हणजे वर्षभर सगळे ती बसलीय असंच समजत होते. मागच्या रिव्हिजनची माझी हवेतली क्लिप आठवली. तीच ही. मी स्केच करताना थ्रीडीवरनं जागा घेतली होती.

मालकांना दाखवलं. लाल गोलाचं पान काढलं नाही, पण त्याखाली थ्रीडीचा फोटो चिकटवला, ४ मिमीच्या जागेला हिरवा गोल करून.

घड्याळ टाकलं, बाण टाकला. प्लॉट मोजला तर ९९६ मिमी निघाला. ‘कागदात बसव’ चालू होतं.

ड्रॉइंग काल पास झालं. शेरा एकच: टेपचा रंग लिहिलेला नाही.

बोर्डावरची_ताई

काळा लिहा. दुसरा आमच्या स्टोअरमध्ये नसतोच.

चपलेचा_कान

गोकुळशिरगावकर, आमच्याकडंही पास झाल्यावर एक शेरा येतोच. एकदा तर टीपेतल्या फाँटचा होता.

राजारामपुरी_७वी_गल्ली

९९६ वाचून आत्ता जाऊन आमचा प्लॉट मोजला. सांगत नाही किती निघाला.